आमवाताच्या औषधाची जन्मकथा

संधिवात हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. साठी उलटलेल्या आजींचे गुडघे कुरकुरू लागले तरी संधिवात, पावसाळ्यात कंबर धरली तरी संधिवात, आणि तिशीतल्या सुनेच्या दोन्ही हातांची बोटे सुजून तिला भाकरी थापता येईनाशी झाली तरीही संधिवातच. वैद्यकाच्या दृष्टीने या तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली झिजेची, दुसरी बहुधा स्नायूंची. तिसरी मात्र झिजेचीही नव्हे आणि श्रमाचीही नव्हे. इंग्रजीत तिला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. मराठीत डॉक्टर मंडळी आमवात हा शब्द योजतात व मीही तोच योजणार आहे.

हे नाव जुने आहे. माधवकराच्या माधवनिदानात, म्हणजे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास, आमवाताला स्वतंत्र अध्याय मिळालेला दिसतो. तेव्हा आजच्या रोगाचे सगळे ज्ञान आपल्या पूर्वजांना होतेच, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. सांधे सुजवणाऱ्या अनेक रोगांचे वर्णन त्या एका नावाखाली आले असणे शक्य आहे. तथापि सांध्याचे दुखणे हे केवळ सांध्याचे नसून साऱ्या शरीरात काही बिघडल्याचे चिन्ह आहे, ही दृष्टी त्या नावातच आहे, आणि ती मोलाची आहे. युरोपला तेथवर यायला फार वेळ लागला.

रोगाची ओळख आधी करून घेऊ, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. हा रोग बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांना धरतो. बोटांची मधली पेरे, मनगटे, पायाचे चवडे. उजवीकडे धरले की डावीकडेही धरतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने होतो, आणि तोही ऐन कर्तेपणाच्या वयात. त्याची खरी खूण सकाळी दिसते. उठल्यावर मूठ वळत नाही. तासभर, कधी त्याहून अधिक वेळ हात लाकडासारखे राहतात, आणि मग हळूहळू सुटतात. झिजेचे दुखणे कामाने वाढते व विश्रांतीने कमी होते; हे दुखणे उलट विश्रांतीनंतर अधिक असते. आवणीला वाकणारी बाई, सातपाटीच्या बाजारात टोपली उचलणारी कोळीण, चिंचणीत घरच्या घरी दागिन्यांचे डाय कोरणारा कारागीर, या सर्वांना हे दुखणे आपल्या कामामुळेच झाले असे वाटते. घरचेही तसेच समजतात, आणि दोन वर्षे मलम चोळण्यात जातात. या रोगात पहिली दोन वर्षेच सर्वांत महत्त्वाची, कारण हाडे कुरतडली जाण्यास तेव्हाच सुरुवात होते, व एकदा वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही.

पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील लांद्रे-बोवे नावाच्या तरुण डॉक्टराने १८०० साली या रोगावर प्रबंध लिहिला. त्या काळी सांधा सुजला की त्याला गाऊट म्हणावयाचे, आणि गाऊट हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या श्रीमंत पुरुषांचा रोग. लांद्रे-बोवेपुढे आलेल्या रोगी मात्र गरीब बायका होत्या. हा विसंगतीचा धागा त्याने सोडला नाही, आणि हा रोग निराळा आहे असे सांगितले. पुढे १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी त्याला आजचे इंग्रजी नाव दिले. नाव मिळाले, औषध मिळाले नाही. १९२९ साली फ्रान्सच्या जाक फोरेस्त्ये यांनी सोन्याचे क्षार टोचून पाहिले. क्षयावर सोने देण्याची तेव्हा पद्धत होती, आणि हा रोग क्षयासारखाच जंतूंचा असावा असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा निघाला, पण काही रोग्यांना गुण आला. वैद्यकाच्या इतिहासात असे वारंवार घडते, आणि त्यामुळे फुशारकी मारणाऱ्यांचीच फजिती होते.

खरी दिशा १९४० साली नॉर्वेत सापडली. एरिक वालर यांना असे आढळले की आमवाताच्या रोग्याच्या रक्तातील पाणी मेंढीच्या विशिष्ट प्रकारे तयार केलेल्या रक्तपेशींत मिसळले, तर त्या पेशींच्या गुठळ्या होतात. १९४८ साली अमेरिकेत हॅरी रोझ यांनाही तेच दिसले. त्याचा उलगडा पुढे झाला तो असा: बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिद्रव्ये तयार करते, या रोग्यांच्या शरीरात मात्र अशी एक प्रतिद्रव्ये निघतात की जी स्वतःच्याच प्रतिद्रव्यांवर चालून जातात. म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. सांधा हा गुन्हेगार नव्हे, तो बळी आहे. गुन्हा घडतो शरीराच्या पहारेकऱ्यांत. येथून आमवात हा हाडवैद्याच्या हातून प्रतिकारशास्त्राच्या हाती गेला.

पण त्याच १९४८ सालच्या सप्टेंबरात असे काही घडले की या साऱ्या शास्त्राकडे कोणी वळून पाहीना. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका एकोणतीस वर्षांच्या जखडलेल्या स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. अंथरुणात कूस बदलता न येणारी ती बाई आठवड्याभरात चालू लागली. हेंच यांच्याकडे हे घबाड अचानक आलेले नव्हते. कावीळ झालेल्या किंवा गरोदर राहिलेल्या रोग्यांचा आमवात तात्पुरता ओसरतो, हे त्यांनी जवळजवळ वीस वर्षे टिपून ठेवले होते, आणि शरीर स्वतःच कधी तरी हे औषध बनवत असले पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते. १९५० साली त्यांना केंडाल व राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आनंद फार टिकला नाही. मोठ्या मात्रेने महिनोन्‌महिने दिल्यावर चेहरा चंद्रासारखा गोल सुजू लागला, हाडे ठिसूळ झाली, जखमा भरेनात, आणि औषध थांबवताच रोग पूर्वीपेक्षा जोराने उसळला. आजही हे औषध वापरतात, पण थोडे आणि जपून. तथापि गावोगावी मिळणाऱ्या ‘सांधेदुखीच्या पुड्यां’त नेमके हेच न सांगता मिसळलेले असल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. पुडी घेतल्यावर चार दिवसांत चमत्कारासारखे बरे वाटले, तर तो संशयाचाच विषय समजावा.

आता आपल्याला वीस वर्षे मागे आणि पुष्कळ जवळ यावयाचे आहे. पालघरहून लोकलने दादरला उतरले की परळ हाकेच्या अंतरावर. तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. १९२८ साली येथे ल्यूसी विल्स नावाच्या चाळीस वर्षांच्या इंग्रज डॉक्टरीणबाई दाखल झाल्या. त्यांना बोलावले होते मुंबईतल्या एका भयंकर प्रश्नासाठी. गिरणगावातील गरोदर स्त्रिया विलक्षण रक्तक्षयाने पांढऱ्याफटक पडत आणि कित्येकदा बाळंतपणाच्या आगेमागे मरत. हा नेहमीचा, लोह दिल्याने बरा होणारा रक्तक्षय नव्हता. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या.

विल्सबाईंनी जी पद्धत अवलंबिली ती मला फार विचार करण्यासारखी वाटते. त्यांनी आधी जंतू शोधले नाहीत. आधी ताटात काय वाढले जाते ते पाहिले. कोणत्या घरांत हा रोग अधिक, कोणत्या घरांत कमी, कोण काय खाते, याची त्यांनी नोंद केली. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूधदुभते जवळजवळ नव्हते त्या गरीब स्त्रियांत हा रोग जास्त, असे दिसले. मग तसेच निकस अन्न त्यांनी उंदरांना घातले. उंदीर आजारी पडले, यीस्ट दिल्यावर सुधारले. पुढे असे निघाले की उंदरांच्या रक्तक्षयात उवांमार्फत पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता, म्हणून त्या माकडांकडे वळल्या. अखेरीस त्यांनी रोगी स्त्रियांना मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. अगदी स्वस्त वस्तू. स्त्रिया झपाट्याने सुधारू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये असे काही आहे की ज्याला अजून नाव नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. पुढे कैक वर्षे शास्त्रज्ञ त्याला ‘विल्सचा घटक’ म्हणत राहिले.

त्या गिरणी कामगार स्त्रियांची नावे कोठे नोंदलेली माझ्या वाचनात नाहीत. संशोधनाच्या इतिहासात रोग्याचे नाव राहत नाही, हा नियमच आहे. परंतु आमवाताच्या औषधाची कथा सांगताना त्यांच्यापासून सुरुवात केली नाही तर ती अपुरी राहते.

ती कशी, ते आता पाहू. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये तीन शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून एक द्रव्य चिमूटभर वेगळे काढले आणि लॅटिनमधील पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. विल्सबाईंचा घटक तो हाच. चार टन पालकातून चिमूटभर मिळणारे औषध रोग्यांना पुरवणार कोण? ते प्रयोगशाळेत बनविणे भाग होते. हे काम लेडर्ले कंपनीत ज्यांच्या देखरेखीखाली १९४५ साली पार पडले ते येल्लाप्रगड सुब्बाराव आपल्याच देशाचे. जन्म १८९५, आंध्रातील भीमवरम. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या प्रभावाने खादी वापरल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली व एम. बी. बी. एस. ऐवजी खालची पदवी मिळाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची जी रीत बसविली ती जगभर वापरली गेली. १९४० साली ते लेडर्लेत आले. हा माणूस आपले नाव पुढे करण्यात इतका मागे की पुष्कळ भारतीय डॉक्टरांनाही त्याची ओळख नसते.

याच सुमारास बॉस्टनचे सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाने मरणारी मुले पाहत होते. फॉलिक ॲसिड दिल्यावर रोग उलट भडकतो असे त्यांना वाटले. मग याच्या विरुद्ध काही देता येईल काय? सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी, पण काम न करणारी द्रव्ये बनवून दिली. कुलपात जाते पण फिरत नाही अशी खोटी किल्ली म्हणा. ती आत अडकली की खऱ्या किल्लीलाही वाट राहत नाही, आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींची वाढ खुंटते. अमिनोप्टेरिन हे त्यांपैकी एक. १९४८ साली फार्बर यांनी जाहीर केले की १६ मुलांपैकी १० मुलांचा रोग काही काळ तरी मागे हटला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. वय अवघे त्रेपन्न. याच अमिनोप्टेरिनचे सुधारलेले, वापरण्यास अधिक सुरक्षित असे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

कर्करोगावरचे हे औषध सांध्यांकडे वळविण्याचे धाडस १९५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड गुबनर यांनी केले. त्यांनी आमवाताच्या सात रोग्यांना अमिनोप्टेरिन थोड्या मात्रेने दिले. सहांना उतार पडला. एवढी मोठी बातमी, पण कोणाच्या कानावर गेली नाही. कॉर्टिझोनचे नोबेल पारितोषिक त्याच्या आदल्याच वर्षीचे. त्या झगमगाटात सात रोग्यांच्या गोष्टीकडे लक्ष कोण देणार! त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र सोरायसिससाठी ही औषधे चालू ठेवली, आणि त्यांच्या हातून हे ज्ञान जिवंत राहिले. १९८५ साली बॉस्टनचे मायकल वाइनब्लॅट यांनी रीतसर परीक्षा घेतली: काही रोग्यांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, काहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी, आणि कोणाला काय मिळते हे रोग्यालाही ठाऊक नाही व डॉक्टरालाही नाही. निकाल स्पष्ट होता. १९८८ साली अमेरिकेने या रोगासाठी त्याला मान्यता दिली. गुबनरनंतर सदतीस वर्षे गेली होती. या सदतीस वर्षांत जगात किती बोटे वाकडी झाली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यावयाची असते, रोज नव्हे. चिठ्ठी नीट न वाचल्यामुळे ती रोज घेतली गेल्याने देशोदेशी रोगी दगावलेले आहेत. औषधाचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून निराळ्या दिवशी दुसरी गोळी देतात, आणि ती दुसरी गोळी असते फॉलिक ॲसिडची, म्हणजे विल्सबाईंच्या घटकाची. मग प्रश्न असा पडतो की ज्याला अडविण्यासाठी पहिली गोळी, तेच दुसऱ्या गोळीने भरून काढले तर गुण येतो कसा? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना बरीच वर्षे छळले. आज असे मानतात की सांध्यांवर मेथोट्रेक्सेटचा परिणाम बऱ्याच अंशी निराळ्या वाटेने होतो. ते शरीरात ॲडेनोसिन नावाचे दाह शमविणारे द्रव्य सोडवते. म्हणजे औषध कर्करोगासाठी एका कारणाने शोधले, आणि आमवातावर ते दुसऱ्याच कारणाने चालले.

आता दुसरा धागा घेऊ. तोही भारतातूनच निघतो, पण वळसा घेऊन. रवींदर नाथ मैनी यांचा जन्म १९३७ साली लुधियान्यात झाला. बालपण युगांडात गेले. वडील अमरनाथ मैनी तेथील सार्वजनिक जीवनातले मोठे गृहस्थ. केंब्रिज व लंडनच्या गायज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन मैनी लंडनमध्येच राहिले. हॅमरस्मिथ भागात केवळ सांध्यांच्या रोगांच्या संशोधनासाठी १९६५ साली केनेडी इन्स्टिट्यूट स्थापन झाली होती. शेजारी चेअरिंग क्रॉस रुग्णालय. मैनींचे आयुष्य या दोहोंमध्ये गेले: सकाळी रोगी, दुपारी प्रयोगशाळा. माझ्या मते त्यांच्या यशाचे निम्मे रहस्य या दोन इमारतींच्या शेजारात आहे. रोग्याचा सांधा ज्याने हातात धरलेला असतो, त्याला परीक्षानळीतले कोणते निरीक्षण खरे मोलाचे हे लवकर कळते.

१९८० नंतरच्या दशकात त्यांना मार्क फेल्डमन भेटले. पोलंडमध्ये जन्मलेले, ऑस्ट्रेलियात शिकलेले हे प्रतिकारशास्त्रज्ञ. पहारेकरी पेशी एकमेकींना ज्या रासायनिक निरोपांनी हाका मारतात, त्यांचा फेल्डमन अभ्यास करीत. हे निरोप तेव्हा एकामागून एक सापडत होते आणि त्यांची यादी लांबत चालली होती. बहुतेकांचे मत असे, की निरोप इतके आहेत तर त्यांतला एक बंद करून काय होणार? दुसरा त्याचे काम करील. मैनी-फेल्डमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेले सांध्यांचे अस्तर मिळवून त्यातील पेशी वाढविल्या. त्या पेशी बाहेरून काही चिथावणी नसताना दिवसचे दिवस दाहाचे निरोप सोडीत राहिल्या. मग १९८९ साली फिओन्युला ब्रेनन या त्यांच्या सहकारी बाईंनी एका निरोपाला, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला, म्हणजे थोडक्यात टीएनएफला, प्रतिद्रव्याने बांधून टाकले. अपेक्षा अशी की फक्त तोच थांबेल. प्रत्यक्षात दाहाचा आणखी एक प्रमुख निरोपही खाली आला. म्हणजे हे सारे निरोप सारख्या दर्जाचे नव्हते. एक मुकादम होता आणि बाकीचे त्याच्या हुकमावर काम करीत होते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हे समजावून सांगावयास नको.

पुढचा प्रश्न माणसावरील प्रयोगाचा. अमेरिकेच्या सेंटोकॉर कंपनीजवळ टीएनएफला बांधणारे एक प्रतिद्रव्य पडून होते. न्यूयॉर्कच्या यान विल्चेक व जूनमिंग ले यांनी ते उंदरापासून मिळविलेले, आणि त्यातला काही भाग बदलून मानवी केलेला. रक्तात जंतूंचे विष पसरते त्या सेप्सिस रोगासाठी ते आणले होते. तेथे त्याचा उपयोग होईना. मैनी-फेल्डमन यांनी ते मागून घेतले. १९९२ साली चेअरिंग क्रॉसमध्ये पहिल्या रोग्याला ते दिले गेले. एकूण वीस रोगी, सर्व जण असे की बाकीचे उपाय थकलेले. काहींना पहिल्या दिवसांतच अंगातला थकवा गेल्यासारखे वाटले, पाठोपाठ सांध्यांची सूज ओसरली. पण असे निकाल फसवे असतात हे मैनी जाणून होते. म्हणून लंडन, लायडन, व्हिएन्ना व एर्लांगन येथील ७३ रोग्यांवर दोन्ही बाजू अंधारात ठेवून परीक्षा झाली, आणि १९९४ साली निकाल आला. चार आठवड्यांनंतर मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी शेकडा ७९ जणांना ठरवून दिलेल्या कसोटीवर गुण आला. लहान मात्रेत शेकडा ४४. निरुपद्रवी औषध मिळालेल्यांत शेकडा ८. एवढा फरक दिसल्यावर वाद उरत नाही.

अडचण पुढेच होती. औषधाचा परिणाम काही आठवड्यांनी ओसरे, आणि वारंवार दिले की रोग्याचे शरीर त्यातील उंदराच्या अंशाविरुद्ध स्वतःची प्रतिद्रव्ये बनवून औषधच निकामी करी. येथे दोन्ही धागे एकत्र येतात. १९९८ साली मैनींनी १०१ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यांनी काहींना हे नवे महागडे औषध एकटे दिले, काहींना त्याच्या जोडीला आठवड्यातून साडेसात मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट. जोडीने दिलेल्यांत गुण जास्त काळ टिकला आणि औषधाविरुद्धची प्रतिद्रव्येही कमी झाली. पुढच्या वर्षी ४२८ रोग्यांच्या मोठ्या परीक्षेने जोडीच्या उपचाराचा हा गुण पक्का केला. लंडनचे सोन्याच्या मोलाचे औषध परळच्या गिरणी कामगार बायकांपासून निघालेल्या साध्या गोळीच्या खांद्यावर उभे राहिले. मैनी व फेल्डमन यांना २००० साली क्राफोर्ड व २००३ साली लास्कर पारितोषिक मिळाले. मैनींना त्याच वर्षी ‘सर’ हा किताबही मिळाला.

पारितोषिकांच्या टाळ्या चालू असतानाच २००१ साली एक इशारा छापून आला. हे औषध घेतलेल्या ७० रोग्यांत क्षयरोग उफाळला होता. कारण समजण्याजोगे आहे. फुप्फुसात दडलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती शरीर जी भिंत उभी करते, ती टिकवून धरणारा मुकादमही टीएनएफच. त्याला बांधून टाकले की भिंत ढासळते. ज्या देशांत क्षय दुर्मीळ तेथे ही बाब गौण ठरली असती. आपल्याकडे ती पहिली ठरते. म्हणून हे इंजेक्शन देण्यापूर्वी छातीचे चित्र व दडलेल्या क्षयाची तपासणी केल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर पुढे जात नाही. रोग्यानेही तशी तपासणी झाली की नाही हे विचारावे. त्यात डॉक्टराचा अपमान नाही.

किमतीचा प्रश्न राहतोच. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने याच जातीच्या ॲडालिमुमॅब औषधाची प्रतिकृती, जगातली पहिली, भारतात विकण्यास आणली. मूळ औषधाच्या अमेरिकेतील किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात. तरीही गरीब घराला ते जडच. मेथोट्रेक्सेट मात्र राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याची किंमत कोणाही कामगाराच्या आवाक्यात आहे. बहुसंख्य रोग्यांचा आमवात त्याच्या, किंवा त्याच्या जोडीला दिलेल्या इतर जुन्या गोळ्यांच्या साहाय्याने ताब्यात ठेवता येतो, मात्र सुरुवात लवकर झाली पाहिजे व रक्ताची, यकृताची तपासणी वेळच्या वेळी झाली पाहिजे. गरोदरपणात ही गोळी मुळीच चालत नाही. गरोदर स्त्रियांना वाचविताना जो घटक सापडला, त्याच्याच विरोधातून ती जन्मली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे हा रोग किती? पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका कार्यक्रमात १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण गाव निवडले. रुग्णालयात येणारे रोगी मोजून गावाचा अंदाज येत नाही, म्हणून स्वयंसेवक घरोघर गेले. ४०९२ प्रौढांची पाहणी झाली. त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८ हून अधिकांना, सांध्या-स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. यातील फार मोठा भाग श्रमाचा व झिजेचा. खरा आमवात निघाला सुमारे दोनशे प्रौढांत एकाला. हे प्रमाण पाश्चात्त्य देशांतील आकड्यांच्या जवळपासच आहे. खेड्यातले लोक कष्टाळू म्हणून त्यांना हा रोग होत नाही, ही समजूत त्याने मोडून काढली.

ते प्रमाण आपल्याकडे लावून पाहू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार या भागाची लोकसंख्या २९ लाख ९० हजारांच्या घरात होती. त्यांत दोन-तृतीयांश प्रौढ धरले तर वीस लाख, आणि दोनशेला एक म्हणजे दहा हजार. हे माझे त्रैराशिक आहे, मोजणी नव्हे. पण सकाळी मूठ न वळणारी दहा हजार माणसे डहाणूपासून वसईपर्यंत, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपासून तारापूरच्या खाडीपर्यंत विखुरलेली असणे शक्य आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपल्या रोगाचे नावही ऐकलेले नसावे. ज्यांना ते कळते त्यांतले काही जण पहाटेची लोकल धरून दादर गाठतात व परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात. हे रुग्णालय आणि हाफकिन संस्था एकाच आचार्य दोंदे मार्गावर आहेत. रांगेतून बाहेर पडताना हातातल्या चिठ्ठीवर बहुधा दोन औषधे असतात: एक आठवड्यातून एकदा घ्यावयाचे, आणि दुसरे फॉलिक ॲसिड.